बॉयलरच्या लाकडातली पोपटीण

पोपटाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. तो मिरची खातो, भिजवलेली हरभऱ्याची डाळ खातो, शिकवलं तर बोलतो आणि पिंजरा उघडा राहिला की जातो. आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत प्रत्येक दुसरा माणूस पोपटाचा डॉक्टर होता. या माहितीचा मला इतका राग आहे की चाळिशी उलटली तरी कुणी पोपटाला मिरची दाखवताना दिसलं की मी तिथून उठते. बाई तिरसट आहे, असं लोक म्हणतात. आहे मी तिरसट.

प्लेग येऊन गेल्याला दोन-अडीच वर्षं झाली होती आणि मी मराठी शाळेत सातवीत होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलरवर होते. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरच्या पोटात सतत काहीतरी घालावं लागतं. कोळसा महाग झाला की शेठ लाकूड मागवायचा. ट्रक भरभरून ओंडके यायचे आणि आप्पा आणि त्यांचे सोबती ते भट्टीत ढकलायचे. कुठल्या झाडाचे, कुठल्या रानातले, हे कुणी विचारायचं नाही. भट्टीला काय त्याचं.

फेब्रुवारी संपत आला होता. एके दिवशी दुपारी आप्पा पाळीवरून आले ते सायकलच्या कॅरियरला हातभर लांबीचा ओंडका बांधून. मायने दारातच विचारलं, "हाई लाकूड कसाले आनं? घरमा स्टो शे ना."

आप्पांनी ओंडका उभा केला. त्याला एक ढोली होती, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, आणि तिच्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता. ओंडका भट्टीकडे ढकलताना तो बोळा दिसला म्हणून त्यांनी तो उपसला, तर आतून काहीतरी बोटाला चावलं. ट्रक ड्रायव्हर हसायला लागला. तो म्हणाला, धरमपूरच्या पलीकडे झाड पाडलं तेव्हा आत पोपटाची मादी होती, झाड पडलं तरी ती हलली नाही, म्हणून तोडणाऱ्यांनी बोळा मारला आणि हायवेवर कुणी घेतलं तर विकायला मला दिली. कुणी घेतली नाही आणि मग तो विसरून गेला. विसरला म्हणजे किती दिवस विसरला, हे आप्पांनी विचारलं नाही. पण तो ओंडका त्या दिवशी आप्पांच्या हातून भट्टीत गेला नाही, हे खरं आहे. तेवढं मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही.

लोखंडी पेटीवर आम्ही ओंडका ठेवला आणि त्यावर एका माणसाची मच्छरदाणी टांगली, म्हणजे ती उडून जायला नको. बोळा काढला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ढोलीतून लालसर चोच आली, मग पांढुरका डोळा आणि मग ती सगळीच बाहेर आली आणि ओंडक्यावरून उंदरासारखी सरसर चालत गेली. चिमणीपेक्षा जराशीच मोठी. अंग कोवळ्या पानाच्या हिरव्या रंगाचं, पाठीच्या खालच्या भागावर भडक लाल पट्टा आणि शेपूट इतकं आखूड की जणू कुणी कापून घेतलंय. मी टॉर्च लावून ढोलीत पाहिलं. आत दोन अंडी होती, बोराएवढी, गोलसर, मळकट पांढरी. तिसरं एक फुटलेलंही होतं.

समोरच्या काकूंकडे पिंजऱ्यात मोठा पोपट होता, त्यामुळे त्या आमच्या गल्लीच्या पोपटतज्ज्ञ. त्यांनी मच्छरदाणीशी नाक लावून निकाल दिला, "हे तर बच्चू आहे. शेपूट फुटायचं आहे अजून."

"काकू, ती अंड्यांवर बसलीये," मी म्हटलं.

"तू कालची पोर, मला शिकवतेस? लहान आहे म्हणून तर एवढी आहे. महिन्याभरात वाढेल बघ. मिरची देत जा, आवाज फुटेल."

अंडी उबवणारं पिल्लू! पण गल्लीत कुणालाच त्यात काही खटकलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूंनी स्वतःच्या पोपटाच्या वाटणीच्या दोन हिरव्या मिरच्या आणि मूठभर डाळ आणून मच्छरदाणीत ठेवली आणि घरी गेल्या. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण आमच्या गल्लीत हातात कांकण आहे की नाही हेसुद्धा काकूंना विचारून ठरायचं.

दोन दिवस मिरच्या आणि डाळ तशीच पडून होती. पोपटीण ढोलीत. मी शाळेत जाताना पाहायचे, आल्यावर पाहायचे, ती आतच. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बसून चिकू खात होते. नवसारीकडचे चिकू त्या दिवसांत ढिगाने स्वस्त असत आणि हा तर इतका पिकलेला की रस मनगटापर्यंत ओघळला. तिने ढोलीतून डोकं काढलं. चोच थोडी उघडी, मान खालीवर, खालीवर. मला आधी वाटलं, धापा टाकतेय. मग लक्षात आलं, ही मागतेय. मी मच्छरदाणीखालून बोट घातलं. तिने चावलं नाही. जीभ काढून बोटावरचा रस चाटून घेतला, अगदी शेवटपर्यंत, आणि पुन्हा मान खालीवर केली.

आज मला ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं. या जातीचा पोपट दाणे फोडणारा नाही. फुलातला रस आणि पिकून लिबलिबीत झालेली उंबरं, वडाची फळं, यांवर तो जगतो. आणि मादी अंड्यांवर बसली की तिला भरवायचं काम नर करतो. स्वतः खाऊन येतो आणि तिच्या चोचीत चोच घालतो. तिचा नर धरमपूरच्या पलीकडे, पाडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती घिरट्या घालत असणार. इथे ती चाळीतल्या पेटीवर बसून त्याची वाट पाहत होती आणि आम्ही तिच्यापुढे मिरच्या मांडत होतो.

मग तिचा नर मीच झाले, दुसरं कोण होणार! चिकू किंवा केळं कुस्करायचं, त्यात साखरेचं पाणी घालायचं आणि बोटाने द्यायचं. शाळेत जायच्या आधी दोनदा, मधल्या सुट्टीत पळत येऊन एकदा, शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत चार वेळा. असं खाणारा पक्षी शिटतोही तसाच, पातळ पिचकारी थेट भिंतीवर. माय रोज भिंत पुसायची आणि रोज बडबडायची. पण पोपटीण हटवा असं ती एकदाही म्हणाली नाही.

माय घरी साड्यांचं काम करायची. लेस लावायची, टिकल्या चिकटवायच्या, घडी घालताना मध्ये पातळ कागद ठेवायचा. एक दिवस असा एक कागद मच्छरदाणीला लागून पडला होता. पोपटिणीने तो जाळीतून आत ओढला. चोचीने कडेला एकामागोमाग एक बारीक चावे घेत गेली आणि बोटभर लांबीची पट्टी सरळ कापून काढली. कात्रीने कापावी तशी. मग ती पट्टी चोचीत धरून मान मागे वळवली, पाठीवरची लाल पिसं फुगवली आणि पट्टी त्यांच्यात खोचली. अशा चार पट्ट्या खोचून झाल्यावर ती ढोलीत शिरली. दोन वाटेतच गळून पडल्या, तर पुन्हा बाहेर येऊन नव्याने कापायला बसली.

मायचा सुई धरलेला हात थांबला. "देख माय वं," ती हसून म्हणाली, "आपन साडी खोसतस तशी खोसी ऱ्हायनी."

रानात त्या पानांच्या पट्ट्या कापतात आणि ढोलीत अंथरतात. बहुतेक पोपट काडीकचरा एक तर चोचीतून नेतात किंवा काही अंथरतच नाहीत. ही जात पाठीवर सामान वाहते. मी दुसऱ्या दिवसापासून बदामाची आणि आंब्याची पानं आणायला लागले. आंब्याची पानं तिला जास्त पसंत होती. ढोली आत मऊ होत गेली. मी मनाशी दिवस मोजत होते. कोंबडीची पिल्लं एकवीस दिवसांत निघतात हे खानदेशातल्या कुठल्याही पोरीला माहीत असतं, त्यामुळे तोच हिशोब मी हिलाही लावला होता. बाकी काही मला नको होतं. पोपट पाळायचा नव्हता, बोलायला शिकवायचा नव्हता. ती दोन अंडी फुटावीत, एवढंच हवं होतं.

आणि मग आप्पांनी तोंड उघडलं. घरी फारसं न बोलणारा हा माणूस कारखान्यात चहाच्या वेळी बोलला. बॉयलर खात्याच्या सुपरवायझरला कळलं की याच्या घरी छोटा पोपट आहे. मंदीत कुणाला कामावर ठेवायचं आणि कुणाला घरी बसवायचं, ते हा सुपरवायझर ठरवायचा. त्याच्या मुलीला पोपट हवा होता. रविवारी सकाळी तो स्कूटरवरून आला, पायांशी नवा कोरा पिंजरा ठेवून. मायने चहा केला. त्याने बशीत ओतून पिताना मच्छरदाणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे वाह. यही है?"

आप्पा म्हणाले, "हां साहेब."

एवढंच. "देऊ का", "नको", "अंडी आहेत", काही नाही. त्याने अजून मागितलीसुद्धा नव्हती आणि आप्पा उठून मच्छरदाणी वर करत होते. पडत्या फळाची आज्ञा कशी झेलतात ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी ढोलीत दोन बोटं घातली. ती बाहेर येईना. झाड पाडलं तेव्हा आली नव्हती, ती आता काय येणार? आप्पांचा अंगठा रक्ताळला तेव्हा कुठे ती हातात आली.

मी ओरडले, "अंडी आहेत तिची."

सुपरवायझरने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मला त्या कौतुकाचा अजून संताप येतो. "अंडे तुम रख लो, बेटा. छोटा आमलेट बना लेना," तो म्हणाला आणि हसला. आप्पाही हसले. साहेब हसला की हसायचं असतं, तसे. मी पुढे सरकले तर आप्पा म्हणाले, "गप ऱ्हाय." मी गप्प राहिले. बारा वर्षांची होते आणि मार खाल्लेली होते, म्हणून गप्प राहिले. त्याचाही मला राग आहे.

अंडी मी कापसात गुंडाळली. कंपासपेटीत ठेवून शाळेत नेली, वर्गात पेटी पोटाशी धरून बसले. घरी आले की बल्बखाली ठेवायची, बल्ब तापला की लांब न्यायची, वीज गेली की फ्रॉकच्या आत धरायची. पक्षी अंडी फिरवतो, त्यांना ओल लागते, एका ठरलेल्या उबेपेक्षा कमी-जास्त चालत नाही, हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली. तीन दिवस मी हे केलं. मायने पाहिलं. आप्पांनीही पाहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी आप्पा पाळीवरून आले तेव्हा सायकलच्या हँडलला पिंजरा लटकत होता. आत पोपटीण. "ले, उनी परत तुनी पोपटीन," ते म्हणाले. उसनं नेलेलं पातेलं शेजारणीने परत करावं तसं. ते खूश होते. आपलंही काही गेलं नाही आणि साहेबही नाराज नाही.

साहेबाची तक्रार होती की हा पोपट आजारी आहे. मिरची खात नाही, बोलत नाही, भिंत घाण करतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिंजऱ्याच्या छताला पाय अडकवून, डोकं खाली करून वटवाघळासारखा लटकतो. साहेबाच्या आईने अपशकुन म्हणून हाय खाल्ली. मुलगी काठीने ढोसून त्याला सरळ करायची, दांडीवर बसवायची. तो पुन्हा वर जाऊन उलटा. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

ती झोपत होती. एवढंच करत होती ती. या पोपटाची झोपायची रीतच ती आहे, डोकं खाली, फांदीला पायांनी लटकून, पानांत एक पान होऊन. आमच्याकडे ती ढोलीत अंड्यांवर झोपायची म्हणून आम्हालाही ते कधी दिसलं नव्हतं. लग्नानंतर मी कोकणात सासरच्या नात्यातल्या एका वाडीत गेले तेव्हा हे पोपट मोकळे पाहिले. ची-ची-ची करत डोक्यावरून गेले, गोळी सुटावी इतक्या वेगाने. माडाला माडीचं मडकं लावलेलं होतं, त्याच्या काठावर दोघे उलटे लटकून माडी पीत होते. माडावर चढणारे दादा म्हणाले, कधीकधी पिऊन इतके तर्र होतात की खालीच सापडतात. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून हे सुरतेला राहत नसावेत, असं मी म्हटलं आणि सगळे हसले. मी मात्र तिथून उठून विहिरीकडे गेले, कारण मला रडू येत होतं.

तर साहेबाच्या मुलीने तिला तीन दिवस झोपू दिलं नव्हतं आणि कुणी धड खायला घातलं नव्हतं. छातीचं हाड पिसांतून बोटाला लागत होतं. मी अंडी ढोलीत ठेवली आणि मच्छरदाणीत पिंजऱ्याचं दार उघडलं. मला वाटलं, ती कोपऱ्यात जाऊन बसेल. ती सरळ ओंडक्यावर गेली, ढोलीत शिरली आणि अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने चोच बाहेर काढून मान खालीवर करायला लागली.

मी पुन्हा भरवायला लागले. ती पुन्हा बसली. एकवीस दिवस कधीच होऊन गेले. पंचवीस झाले, मग मी मोजायचं सोडलं. माझी परीक्षा आली, कैऱ्या आल्या, पत्रे तापायला लागले, ती बसलेलीच होती. मधूनच बाहेर यायची, पट्ट्या कापायची, पाठीवर खोचून आत न्यायची. पिल्लांसाठी अंथरूण जाड होत होतं. व्यापाऱ्याच्या कागदाला कुणी हात लावला तर माय एरवी अंगावर यायची. आता कागदाचा एक ताव मच्छरदाणीशेजारी कुणी न सांगता येऊन पडायचा. आम्हा दोघींना कळत होतं की अंड्यांत काही उरलेलं नाही. ते तिला कसं सांगणार?

एका सकाळी ती ढोलीत नव्हती. मच्छरदाणीच्या छताला उलटी लटकून झोपली होती. दुपारीही तिथेच. ढोलीकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. मी मच्छरदाणी बाजूला केली आणि गॅलरीचं दार उघडलं. थोड्या वेळाने ती गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसली आणि मग समोरच्या लूमच्या, यंत्रमागांच्या, शेडच्या पत्र्यांवरून निघून गेली. मैत्रिणी म्हणाल्या, बरं केलंस, मोकळी केलीस. मोकळी करायला तिथे रान कुठे होतं? लिंबायतच्या पुढे उधना, उधन्याच्या पुढे पांडेसरा, त्याच्याही पुढे पलसाण्यापर्यंत धुराडीच. ती कावळ्याच्या तोंडी गेली असणार. मी तिला मोकळं केलं नाही, मला तिच्याकडे पाहवेना म्हणून दार उघडलं.

मग मी अंडी काढली आणि वाटीत फोडली. आत पाणी असेल, कुजलेलं काही असेल, असं मला वाटलं होतं. दोन्हीत पिल्लं होती. सुकलेली, उघडी, पण पुरती ओळखू येणारी. डोळ्यांचे काळे ठिपके आणि चोच, या वयातसुद्धा बाकदार.

आप्पा पहिल्या पाळीवरून येऊन जेवायला बसले होते. मी ती वाटी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. माय म्हणाली, "काय करस व पोरी?" मला त्यांचं जेवण नासवायचं होतं. त्यांना कळावं असं मला वाटत होतं. अडाणी माणूस, बॉयलरवरचा, त्याला काय कळणार अंड्यात काय असतं, असं समजूनच मी महिनाभर त्यांना आतल्या आत माफ करत आले होते. आता त्यांनी पाहावं आणि हबकावं.

आप्पांनी वाटीत पाहिलं. हबकले नाहीत.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "साहेब उना त्याना आदल्या दिनले बल्बसमोर धरी देखेल व्हतं मी. कोंबडीनं अंडं देखतस तसं. जीव व्हता दोन्हीस्मा."

"मंग दिधी कसाले?"

ते भाकरी मोडत होते. "त्यानी मांगी," ते म्हणाले.

त्याने मागितलीसुद्धा नव्हती. मी तिथे होते, मी ऐकलं होतं, तो फक्त "यही है?" म्हणाला होता. हे मी त्यांना म्हटलं नाही. मायने वाटी उचलून नेली आणि आप्पांनी जेवण पुरं केलं. पुढे त्यांनी मला शिकवलं, लग्न लावून दिलं, शेवटच्या आजारपणात मी त्यांना चमच्याने भरवलं. सुपरवायझरचा, काकूंचा, त्या ड्रायव्हरचा राग आता फक्त तोंडावर येतो आणि जातो, त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. आप्पांना माहीत होतं. त्यांना भरवतानाही माझ्या मनातून ते गेलं नाही.